जुन्या पुस्तकांच्या डीजेव्हीयू फायलींपासून ईपब कसे तयार करावे

एरंडोल तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचनालयाकडे जुन्या मराठी पुस्तकांच्या, काही अहिराणी व लेवा बोलींतील गीतसंग्रहांच्या आणि एका बंद पडलेल्या स्थानिक मासिकाच्या अंकांच्या डीजेव्हीयू फायली, म्हणजे स्कॅन केलेल्या पानांच्या चित्रांच्या फायली, आहेत. काही त्यांनी स्वतः स्कॅन करून घेतल्या, तर काही इंटरनेट आर्काइव्हवरून पूर्वी उतरवून ठेवल्या. वाचकांना त्या मोबाइलवर मोठ्या अक्षरात वाचता याव्यात म्हणून त्यांनी कॅलिबर या ई-पुस्तकांच्या रूपांतर प्रणालीतून त्यांचे ईपब, म्हणजे मोबाइलवर वाचता येणारे ई-पुस्तक, करून पाहिले. एका फायलीतून काहीच निघाले नाही आणि दुसरीतून शेकडो पाने निरर्थक रोमन अक्षरे निघाली. कॅलिबरमधील कोणती सेटिंग बदलावी, असे त्यांनी विचारले आहे.

कॅलिबरमधील कोणतीही सेटिंग बदलून हे काम होणार नाही. कॅलिबर डीजेव्हीयू फायलीतील पानांची चित्रे वाचत नाही. फायलीत चित्रामागे मजकुराचा अदृश्य थर असेल, तर तेवढा तो उचलतो. आपल्या पहिल्या फायलीत तो थर मुळातच नाही. दुसरीत आहे, परंतु मराठी पान इंग्रजी समजून यंत्राने वाचल्यामुळे तो कचऱ्याने भरलेला आहे. २०२० च्या सुमारास टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली वापरात येण्यापूर्वी इंटरनेट आर्काइव्हवरील यंत्रवाचनात (ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राने अक्षरे ओळखणे) देवनागरीची सोय नव्हती. ज्या पुस्तकाची भाषा मराठी म्हणून नोंदली होती त्याला मजकुराचा थरच मिळाला नाही आणि ज्याची भाषा चुकून इंग्रजी नोंदली गेली त्याला असा निरर्थक थर मिळाला. आपल्याला आलेले दोन्ही अनुभव बहुधा याच कारणाने आले आहेत.

हे स्वरूप कसे बनले आहे हे समजल्यावर पुढच्या बहुतेक निर्णयांचा उलगडा होतो. डीजेव्हीयू हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत यान लकून, लिओन बोटू, पॅट्रिक हाफनर आदींनी घडवले. स्कॅन केलेले रंगीत पान त्या काळच्या मंद इंटरनेटवरून पाठवता यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यासाठी पान तीन थरांत विभागले जाते. अक्षरांच्या आकाराचा शुद्ध काळा-पांढरा साचा हा पहिला थर, त्या अक्षरांचा रंग हा दुसरा, आणि पिवळा पडलेला कागद, डाग व चित्रे यांची पार्श्वभूमी हा तिसरा. साचा पूर्ण बारकाईने, बहुधा ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके), साठवला जातो आणि पार्श्वभूमी त्याच्या साधारण एक तृतीयांश बारकाईने. म्हणूनच मोठे पुस्तकही थोड्या जागेत मावते.

साचा साठवताना आणखी एक युक्ती वापरली जाते. पानावर एकसारखे दिसणारे आकार पुन्हा पुन्हा न साठवता एकदाच साठवून सर्वत्र वापरायचे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असल्यामुळे याचा मोठा फायदा होतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध आकार बनतो, त्यामुळे फायदा कमी होतो आणि आपल्या फायली तुलनेने जड राहतात. मात्र खिळ्यांच्या छपाईत दोन खिळ्यांमध्ये शिरोरेषा अनेकदा तुटलेली असते आणि अंक तर नेहमीच सुटे असतात. फाइल ‘लॉसी’, म्हणजे जागा वाचवण्यासाठी काही तपशील गाळणारा, पर्याय लावून केली असेल, तर तेथे एका आकाराच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आकार बसू शकतो. ही भीती काल्पनिक नाही. जेबिग-टू या जवळच्या नात्याच्या तंत्रामुळे झेरॉक्सच्या काही यंत्रांतून निघालेल्या प्रतींत अंकच बदलत असल्याचे डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ साली उघडकीस आणले होते. म्हणून सनावळ्या, हिशेब किंवा वंशावळी असलेले पुस्तक हाती असेल तर अंक केवळ डीजेव्हीयूवरून न तपासता छापील प्रतीवरून तपासावेत.

फायलीत मजकुराचा थर आहे की नाही हे पाहण्यासाठी ती डीजेव्ह्यू (DjView) या वाचकप्रणालीत उघडून एखादी ओळ निवडून पाहावी. शेकडो फायली असतील तर डीजेव्हीयूलिब्रे या मुक्त साधनसंचातील मजकूर काढणारे साधन सर्व फायलींवर एकदम चालवावे आणि निघालेल्या मजकुरात देवनागरी अक्षरे किती आहेत ते बघावे. ज्या फायलीत देवनागरी जवळजवळ नाही, तिच्यातला थर टाकून द्यावा. तो दुरुस्त करीत बसू नये.

यानंतरचा निर्णय यंत्राने घेण्यासारखा नाही. यांपैकी कोणत्या पुस्तकांचे ईपब खरोखर करायचे, हे आधी ठरवावे. सगळ्यांचे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ईपबचा मुख्य गुण असा की मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा रचला जातो आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. हा गुण शुद्ध मजकूर असेल तरच उपयोगी पडतो. पानांची चित्रे ओळीने ठेवून केलेल्या ईपबमध्ये अक्षर मोठे होत नाही, शोध घेता येत नाही आणि डेमी आकाराचे पान मोबाइलवर वाचताना वाचकाला प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागते. अशा ईपबपेक्षा मूळ फाइल किंवा तिची पीडीएफ बरी.

चित्रांचे ईपब योग्य ठरते असे साहित्यही आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात जशी हस्तलिखिते आणि जुनी कागदपत्रे जतन केली आहेत, तसे काही आपल्याकडे असेल तर ते यंत्राने वाचून घेण्याचा हट्ट धरू नये. टेसरॅक्टमध्ये मोडी लिपीची सोय नाही आणि हस्तलिखित देवनागरीवरही ते भरवशाने चालत नाही. अशा वेळी ‘फिक्स्ड लेआउट’ प्रकारचे ईपब करावे, म्हणजे प्रत्येक पान आपल्या ठरलेल्या आकारात दिसते. त्यातली चित्रे पीएनजी किंवा जेपीईजी असावीत, कारण डीजेव्हीयू आणि टिफ ही स्वरूपे ईपबच्या मान्य चित्रप्रकारांत मोडत नाहीत. निव्वळ काळी-पांढरी पाने एक-बिट पीएनजीमध्येच ठेवावीत. जेपीईजीमध्ये अक्षरांच्या कडांभोवती राखाडी धूसरपणा येतो आणि फाइलही फुगते.

मधला एक मार्गही आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे साधन पानाच्या चित्रातील शब्द त्यांच्यामधील मोकळ्या जागेवरून ओळखते, त्यांची चित्रे सुटी करते आणि अरुंद पडद्यासाठी नव्याने रचते. ते डीजेव्हीयू थेट वाचते. केओरीडर या वाचनप्रणालीत हीच सोय आतच दिलेली आहे. देवनागरी शब्द शिरोरेषेने बांधलेला असल्यामुळे तो सहसा मध्येच तुटत नाही. शोधाची सोय मिळत नाही आणि पान डागाळलेले असेल तर रचना बिघडते. तरीही आज संध्याकाळीच वाचकाला मोठे अक्षर हवे असेल, तर याहून जवळचा उपाय नाही. मासिकाचे सगळे अंक मी आधी याच वाटेने वाचकांपुढे ठेवले असते आणि पूर्ण मेहनत निवडक पुस्तकांवर घेतली असती.

निवड करताना हक्कांचा विचारही तेथेच करून टाकावा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हक्क टिकतो. आपल्या अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. निधनोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या. तेथे गणना १९५२ पासून होते. प्रस्तावना, टीपा, चित्रे आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळ्या व्यक्तींचे असतात. मासिकाच्या बाबतीत प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा पाहावा लागतो. जी पुस्तके अजून हक्काधीन आहेत त्यांच्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक वाचनालयांना एक सवलत दिलेली आहे. छापील प्रत वाचनालयाकडे असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. ही सवलत साठवणुकीची आहे, वाटपाची नाही. तेव्हा अशा पुस्तकाचे ईपब व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. डीजेव्हीयू ही अनेकदा आधीच दाबून लहान केलेली प्रत असते. तिच्यामागचे मूळ स्कॅन, म्हणजे टिफ किंवा जेपीईजी-२००० चित्रे, मिळत असतील तर काम तेथूनच सुरू करावे. आपण स्वतः करून घेतलेल्या स्कॅनच्या मूळ फायली ज्याने स्कॅन केले त्याच्या हार्डडिस्कवर अजून पडून असण्याची शक्यता असते. त्या आधी मागवाव्यात. इंटरनेट आर्काइव्हवरील बऱ्याच पुस्तकांसोबत मूळ चित्रांची झिप फाइल दिलेली असते. तेथे नव्या डीजेव्हीयू फायली तयार करणे २०१६ साली थांबले. त्यामुळे आपल्याकडील फायली त्याआधीच्या असणार आणि त्याच पुस्तकाच्या पानावर आता टेसरॅक्टने वाचलेला मराठी मजकूरही कदाचित मिळेल.

मूळ चित्रे नसतील तर डीजेव्हीयूलिब्रेमधील ‘डीडीजेव्हीयू’ या साधनाने पाने टिफमध्ये उतरवावीत. येथे एक निवड महत्त्वाची असते. हे साधन पान रंगीत उतरवू शकते किंवा फक्त काळा साचा उतरवू शकते. साचा उतरवला की पिवळा कागद, पाण्याचे डाग आणि मागच्या पानाची उमटलेली शाई एका फटक्यात नाहीशी होते आणि यंत्रवाचन सोपे होते. मात्र शाई फिकी असेल तर साचा घडतानाच अनुस्वार, रफाराचे टोक, उकाराची बारीक शेपटी हे पार्श्वभूमीच्या थरात गेलेले असतात आणि साच्यात ते सापडत नाहीत. म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे एकेक पान दोन्ही पद्धतींनी उतरवून भिंगाने पाहावे तसे मोठे करून पाहावे. ‘मधें’ या शब्दावरचा अनुस्वार साच्यात दिसत नसेल, तर रंगीत पान उतरवून त्याचे काळे-पांढरे रूप स्वतः करावे.

ते रूप करण्यासाठी स्कॅन टेलर ही प्रणाली उत्तम आहे. जोडपाने वेगळी करणे, तिरके पान सरळ करणे, मजकुराची चौकट आखणे, समास सारखे करणे ही कामे ती बरीचशी आपणहून करते. तिच्यातील ठिपके काढण्याची सोय मात्र मराठीसाठी बंद ठेवावी किंवा सर्वांत सौम्य ठेवावी. रोमन लिपीत पानावरचा सुटा बारीक ठिपका बहुधा घाण असतो. मराठीत तो अनुस्वार असतो. कसरीने खाल्लेल्या पानांवर आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कडक होऊन तुकडे पडलेल्या कागदावर काळे ठिपके भरपूर असतात, त्यामुळे ते पुसून टाकण्याचा मोह होतो. पण पुसलेला अनुस्वार कोठे होता हे नंतर कोणालाच कळत नाही, आणि राहिलेला डाग मुद्रितशोधन करणाऱ्याला लगेच दिसतो.

यंत्रवाचनासाठी टेसरॅक्टची चौथी किंवा पाचवी आवृत्ती घ्यावी आणि मराठीचा ‘बेस्ट’ या गटातील भाषासंच वापरावा. सोबत मिळणारा जलद संच बारीक अक्षरांत अधिक चुकतो. पुस्तकात संस्कृत श्लोक असतील तर मराठीच्या जोडीला संस्कृत संचही लावावा. एका स्तंभाचे साधे पान असेल तर तसे सांगणारी पानरचनेची पद्धत निवडावी, नाहीतर ओव्यांच्या उजवीकडचे क्रमांक वेगळा स्तंभ समजून यंत्र ते पानाच्या शेवटी नेऊन टाकते. निकाल नुसत्या मजकुरात न घेता एचओसीआर स्वरूपात घ्यावा. त्यात प्रत्येक शब्दाचे पानावरील स्थान राहते आणि पुढे शंका आल्यास शब्दावरून चित्र गाठता येते. काम पानापानाने चालत असल्यामुळे वीज गेली तरी झालेली पाने सुरक्षित राहतात, फक्त प्रत्येक पानाची निकालाची फाइल वेगळी ठेवावी. गूगल ड्राइव्हमधील यंत्रवाचनही मराठीसाठी चांगले आहे. दहा-वीस पानांच्या पुस्तिकेसाठी मी तेच सुचवीन. मोठ्या पुस्तकासाठी मात्र स्थानाची माहिती हाती राहणारा मार्ग बरा.

यंत्र कोठे चुकते हे एका ओळीवरून दाखवतो. जुन्या वळणाच्या छपाईत अशी ओळ आहे असे समजा: ‘सातपुड्याच्या दऱ्यांत पावसाळ्यांत कांहीं दिवस वाट बंद असे.’ यंत्राकडून ती बहुधा अशी येईल: ‘सातपुड्याच्या दर्यांत पावसाळ्यात काही दिवस वाट बंद असे.’ वरवर पाहता ओळ स्वच्छ आहे, एकही विचित्र चिन्ह नाही, शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही फारशी कुरकुर करणार नाही. तरीही तीन ठिकाणी मूळ बदलले आहे. दरीच्या दऱ्यांचा दर्या, म्हणजे समुद्र, झाला. पावसाळ्यांत मधला अनुस्वार गेला. ‘कांहीं’चे ‘काही’ झाले. यंत्राला शिकवलेला मराठी मजकूर मुख्यतः आजचा आहे, म्हणून संशय आला की ते आजच्या रूपाकडे झुकते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकातले अनुच्चारित अनुस्वार ही त्या काळची रीत आहे आणि त्यांतून विभक्ती व वचन कळते. ते आपण ठेवायचे आहेत. यंत्राने घातलेला अनुस्वार चुकीचा असण्यापेक्षा त्याने गाळलेला अनुस्वार सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, हे मुद्रितशोधन करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

बाकीच्या नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत: ध आणि घ, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, जुन्या खिळ्यांतला ख आणि ‘रव’, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम, काना आणि दंड यांची अदलाबदल. यांतील ज्या चुका निरपवाद आहेत त्या शोध-बदल करून एकदम सुधारता येतात. उदाहरणार्थ, ‘दु:ख’मधला अपूर्णविराम विसर्ग करणे. ज्या चुकीतून दुसरा खरा शब्द तयार होतो तिच्यावर एकगठ्ठा बदल कधीही करू नये. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन रीतींनी साठवले जाऊ शकते. काही ठिकाणी नुक्ता असलेला ऱ आणि हलंत असतो, तर काही ठिकाणी साधा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडते व दुसरे सापडत नाही. संपूर्ण पुस्तकात पहिली रीत ठेवावी. ॲ या अक्षराचेही तसेच आहे.

आपल्या संग्रहात अहिराणी आणि लेवा बोलीचे साहित्य आहे आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. टेसरॅक्टमध्ये अहिराणीचा संच नाही. मराठी संचाबरोबरच संपूर्ण देवनागरी लिपीचा म्हणून एक संच मिळतो. त्यात एका भाषेचा कल कमी असल्यामुळे बोलीच्या शब्दांना तो काही वेळा अधिक प्रामाणिक राहतो. तीच दोन-चार पाने दोन्ही संचांनी वाचून पाहावीत आणि जे बरे निघेल ते घ्यावे. परंतु यंत्रापेक्षा मोठा धोका माणसाकडून आहे. ‘शे’, ‘अठे’, ‘तठे’, ‘ऱ्हायना’ हे शब्द ज्याच्या कानावर कधी पडलेले नाहीत, तो मुद्रितशोधक त्यांना यंत्राच्या चुका समजतो. लेवा बोलीत प्रमाण मराठीतल्या ळच्या जागी य येतो, म्हणून डोळा हा ‘डोया’ आणि काळा हा ‘काया’ होतो. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली ‘डोया’खाली लाल रेघ ओढून ‘डोळा’ सुचवते आणि शोधक सद्भावनेने ती सूचना स्वीकारतो. ‘काया’खाली तर रेघही येत नाही, कारण शरीर या अर्थाचा तो प्रमाण शब्द आहेच, पण वाचणारा अर्थ लागत नाही म्हणून हाताने तो बदलतो. अशा दोनशे सुधारणा झाल्या की ते गाणे खान्देशाचे राहत नाही, आणि पुढची पिढी ईपबलाच मूळ समजून त्यावरून लिहिते.

यावर उपाय असा की बोलीच्या पुस्तकासाठी शुद्धलेखन तपासणी पूर्ण बंद ठेवावी, मुद्रितशोधनाला ती बोली घरात बोलणारी व्यक्ती बसवावी आणि तिलाही असे सांगावे की तुमच्या गावात शब्द कसा बोलतात ते लिहू नका, पानावर कसा छापला आहे ते लिहा. अहिराणी गावागावाने वळण बदलते. चोपड्याकडची आणि साक्रीकडची रूपे एकाच पुस्तकात मिसळली तर तेही नुकसानच. छापील पुस्तकातच उघड मुद्रणदोष असेल, तर मजकुरात छापलेले रूप ठेवून टीपेत सुचवलेले रूप द्यावे.

मुद्रितशोधन नेहमी पानाचे चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी ठेवूनच करावे. नुसता मजकूर वाचून काढणे म्हणजे मुद्रितशोधन नव्हे, कारण वर दाखवलेल्या ओळीसारखी चूक मजकुरात कधीच दिसत नाही. पुस्तक हक्कमुक्त असेल तर मराठी विकिस्रोत ही या कामासाठी सर्वांत सोयीची जागा आहे. तेथे डीजेव्हीयू फाइल जशीच्या तशी स्वीकारली जाते, एका बाजूला पान आणि दुसऱ्या बाजूला मजकूर दिसतो, पानाची स्थिती लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगाने कळते, पिवळे झालेले पान दुसऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय हिरवे होत नाही, आणि शेवटी तेथूनच ईपब उतरवता येते. मात्र फाइल विकिमीडिया कॉमन्स या ज्या भांडारात ठेवली जाते त्यासाठी भारताबरोबर अमेरिकेच्या कायद्यानेही पुस्तक मुक्त असावे लागते. वाचनालयात येणारे निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी रोज थोडी पाने घेतली तरी काम पुढे सरकते. सगळ्या प्रक्रियेतील बहुतांश वेळ येथेच जातो आणि तो जाऊ द्यावा.

मजकूर शुद्ध झाल्यावर ईपब बांधणे हा सर्वांत सोपा भाग आहे. ईपब म्हणजे वेबपानांसारख्या फायली, त्यांची रचना सांगणारा शैलीपट, चित्रे, फॉन्ट आणि या सर्वांची सूची यांची ठरावीक पद्धतीने बांधलेली झिप. सिजिल या संपादकात हे सर्व डोळ्यांसमोर ठेवून करता येते. मजकूर साध्या खुणांनी तयार केला असेल तर पॅनडॉक हे रूपांतराचे साधन एका आज्ञेत ईपब देते. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फायलीत ठेवावे, मथळे खऱ्या मथळ्याच्या खुणेने द्यावेत म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते, आणि ओवी किंवा गीताची प्रत्येक ओळ स्वतंत्र ठेवावी. मोबाइलवर ओळ मोडलीच तर मोडलेला भाग आत सरकून यावा, म्हणजे कवीची ओळ कोणती आणि पडद्याने मोडलेली कोणती हे वाचकाला कळते.

छापील पानांचे क्रमांक टाकून देऊ नयेत. ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ पान कोठे सुरू होते याची अदृश्य खूण आणि पानसूची देण्याची सोय आहे. जळगावच्या विद्यापीठात या पुस्तकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला संदर्भ छापील पानाचाच द्यायचा असतो.

भाषेची नोंद बारकाईने करावी. मराठीचा संकेत एम-आर हा आहे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदी वळणांपासून वेगळी आहेत, आणि अनेक देवनागरी फॉन्ट मजकुरावर मराठीचा संकेत दिसला तरच मराठी वळण दाखवतात. संकेत राहून गेला तर सगळे पुस्तक हिंदी वळणाच्या ल आणि श मध्ये उमटते. अहिराणीचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेत ए-एच-आर हा आहे. पुस्तकाच्या नोंदीत तो अवश्य द्यावा आणि जोडीला मराठीचाही द्यावा, कारण एका पुस्तकाला एकाहून अधिक भाषा नोंदवता येतात. मजकुरावर अहिराणीचा संकेत लावला तर काही फॉन्ट पुन्हा हिंदी वळणाकडे जातात. म्हणून अशा पुस्तकात तिरो देवनागरी मराठीसारखा, मुळातच मराठी वळणाचा आणि खुल्या परवान्याचा फॉन्ट आतच जोडावा. फॉन्ट लहान करण्याच्या नादात त्यातील जोडाक्षरे गळणार नाहीत याची खात्री करावी. नाहीतर ‘क्ष्म’ किंवा ‘द्ध्य’ हलंत दाखवून मोडलेले दिसते.

तयार फाइल ईपबचेक या साधनाने तपासावी आणि नंतर स्वस्तातल्या साध्या अँड्रॉइड फोनवर, निदान दोन वेगळ्या वाचनप्रणालींत, उघडून पाहावी. अक्षर सर्वांत मोठे करून पाहावे, रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर पाहावे, ‘ऱ्हायना’ हा शब्द शोधून पाहावा. किंडल वापरणाऱ्या वाचकांसाठी वेगळे रूपांतर करण्याची गरज आता उरलेली नाही. २०२२ पासून ॲमेझॉनची ‘सेंड टू किंडल’ सेवा ईपब स्वीकारते.

आपल्या संग्रहातून सुरुवात कोठून करावी, असे विचाराल तर अहिराणी गीतसंग्रहांपैकी सर्वांत लहान, हक्कमुक्त आणि स्वच्छ छपाईचा संग्रह घ्यावा. त्याची मूळ चित्रे मिळवावीत, पहिली काही पाने दोन्ही भाषासंचांनी वाचून पाहावीत आणि ती मुद्रितशोधनाला दिल्यावर कोणत्या चुका पुन्हा पुन्हा येतात त्यांची यादी करावी. तीच यादी पुढच्या प्रत्येक पुस्तकाला उपयोगी पडते. मूळ डीजेव्हीयू फाइल, एचओसीआर, शुद्ध मजकूर आणि ईपब ही चारही रूपे एकाच नावाने एका कप्प्यात आणि दुसऱ्या जागीही जपून ठेवावीत. ईपबच्या शेवटच्या पानावर कोणत्या छापील आवृत्तीवरून मजकूर घेतला, मूळ शुद्धलेखन कायम ठेवले आहे की नाही आणि चूक आढळल्यास ती वाचनालयाला कशी कळवावी, एवढे लिहावे. वाचक चुका कळवतात. त्या चित्राशी ताडून दुरुस्त केल्या की फायलीतील बदलाची तारीख पुढे सरकवावी आणि जुनी प्रत काढून नवी ठेवावी.